सोमवारची केळी

चषकावर कोणती अक्षरं कोरायची ते तनुजाने हॉकी क्लबचे चिटणीस पुंजारामकाका यांना व्हॉट्सअॅपवर कळवलं, आणि नंतर दोन दिवस पलीकडून काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी नुसते जोडलेले हात आले. तिला वाटलं, काकांना भरून आलं असेल. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि या वर्षात तिच्या फोनवर इतके जोडलेले हात आले होते की त्यांचा वेगवेगळा अर्थ लावणं तिने सोडून दिलं होतं.

मजकूर साधा होता : 'कै. आप्पासाहेब गाडेकर स्मृती सभ्य खेळाडू चषक'.

चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. "ताई, नाव चांगलंय. लई चांगलंय. पण ते 'सभ्य' जरा बारीक पडतं का? 'भक्कम' केलं तर?"

"भक्कम खेळाडू? काका, बाबा काय दार होते का?"

"आता गोलापुढचा फुलबॅक म्हंजी दारच असतंय की, ताई."

"काका, वर्षभर मी नुसत्या सह्या करतेय. बँकेत, गॅसच्या ऑफिसात, पेन्शनच्या खिडकीवर. आता शब्दांवर वाद घालायचं त्राण नाही. सभ्यच ठेवा."

"बरं. तुमची मर्जी," काका म्हणाले. आजारी माणसाला पथ्य मोडताना बघून माणूस म्हणतो, तसं म्हणाले.

तनुजाने वडिलांना मैदानावर कधी पाहिलं नव्हतं. तिने पाहिले ते घरातले आप्पासाहेब. भिंतीवरच्या पालीला केरसुणीने हळूच वाट दाखवत "चला बाई, उशीर झाला" म्हणणारे. खुर्चीला पाय लागला तर खुर्चीला नमस्कार करणारे. असा माणूस हातात हॉकी स्टिक घेऊन काय करत असेल, हे वेगळं विचारायची गरज तिला वाटली नव्हती. तरी भाषणासाठी म्हणून तिने आईला विचारलं.

"आई, बाबा खेळायचे कसे गं?"

"मला काय माहीत?" साळूबाई शेंगा सोलत म्हणाल्या. "मी कधी गेले नाही. मी मोजे धुवायचे."

"मग?"

"त्यांचे कधी फाटले नाहीत."

तनुजाने कागदावर लिहिलं : वस्तू जपून वापरण्याचा स्वभाव.

रविवारी सकाळी क्रांती चौकातल्या दुकानातून चषक घेऊन मायलेकी रिक्षाने मैदानावर पोचल्या. मांडवात पंधरा-वीस म्हातारे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर ओळीने बसले होते. सगळे एके काळचे खेळाडू, निम्मे या क्लबचे, निम्मे विरुद्ध संघांचे. कडेच्या खुर्चीवर कडक इस्त्रीची पँट घातलेले भारतराव होते. "आमचे फॉरवर्ड," पुंजारामकाका आवाज खाली आणून म्हणाले. "त्यांच्यासारखा बॉल नेणारा मराठवाड्यात पुन्हा झाला नाय." भारतरावांनी मान हलवली. ते एवढंच बोलले.

सामना मुलींचा होता. काकांनी एक किडकिडीत, चपळ पोरगी पुढे केली. "ही संस्कृती. पुढच्या रविवारी राज्याच्या निवडीला जाणार. तेवढे आठ दिवस हिचा पाय शाबूत राह्यला पाह्यजे. पण त्या पाहुण्या संघातली पाच नंबरची पोरगी बघा. पंच बॉलकडं बघतो, ती घोट्याकडं बघती. मागच्या सामन्यात हिला तीन वेळा हाणलं, शिट्टी एकदा पण नाय."

"मग तुमच्याकडे कुणी आडवं येणारं नाही का?"

"हाय की. सुकेशनी." त्यांनी गोलाजवळच्या मुलीकडे बोट दाखवलं. मेंढरं राखणाऱ्या घरातली होती. वाटेत उभी राहिली तर माणसं तिला वळसा घालून जात असावीत. "पण तिनं आत्ताच चषकावरचं वाचलं, ताई. म्हणती, सर, सभ्य चषक हाय, आज मी कुणाला धक्का पण लावणार नाय."

"चांगलं आहे की मग," तनुजा म्हणाली. काकांनी माईक तिच्या हातात दिला.

तिचं भाषण सुरू झालं. "माझ्या वडिलांनी आयुष्यात कुणाला दुखावलं नाही," या पहिल्याच वाक्याला पुढच्या रांगेतून खोकला निघाला आणि हळूहळू मागच्या रांगेपर्यंत गेला. हवाच तशी असेल, असं तिला वाटलं. तिने पान उलटलं.

"दर सोमवारी संध्याकाळी ते मला सायकलच्या दांडीवर बसवून आजारी माणसांना भेटायला न्यायचे. बरोबर डझनभर केळी. त्यातल्या बहुतेकांचे पाय बांधलेले असायचे. मला लहानपणी वाटायचं, शहरात पायाची साथ आली आहे."

मग दुसऱ्या रांगेतली एक खुर्ची हलायला लागली, मग तिच्या शेजारची, आणि बघता बघता सगळा मांडव पोट धरून हसू लागला. पुंजारामकाका माईक बंद करायला धावले आणि त्यांनी घाईत आवाज वाढवला. त्यामुळे "आता काय सांगू हिला, देवा," हे त्यांचं स्वगत थेट रस्त्यापर्यंत गेलं.

पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ डोळे पुसत उठले. "बेटा, बुरा नक्को मानो. मैं कलीम, छावनीवाला. वो केले मैं भी खाया हूँ. दो बार." त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला. नडगीवर बोटभर लांब खूण होती. "ये देखो. सन चौरासी. तुमारे अब्बा."

"बाबांनी मारलं?"

"हौ. मैं पंच की आँख चुका के भारत के पाँव पे मारा था. पाँच मिनट में जवाब आ गया. मगर उनो पैले कब्बी नै मारे. लई शरीफ आदमी थे, बेटा. मैदान के बाहर."

त्यानंतर ओळच लागली. फर्दापूरहून पहाटेच्या बसने आलेले सोनाजी धोतर सावरत पुढे आले. "माझं सत्त्याऐंशीचं. पण मला केळी नाय मिळाली. फर्दापूर लांब पडलं. मला कार्ड आलं." ते कार्ड त्यांना पाठ होतं. "'पायाला जपा. चूक तुमची होती, तरी जपा.'"

तिसऱ्याने पोटरी दाखवली, तर सोनाजी खवळले. "ए, हे कुत्र्याचं हाय! मी होतो की तवा. खुशाल आप्पासाहेबांच्या नावावर खपवतोय!"

"कुत्र्याचं खालचं. वरचं आप्पासाहेबांचंच!"

"तू कधी भारतला हात लावायला गेला होतास? तेवढी छाती होती का तुझी?"

तनुजा हातात कागद घेऊन तशीच खाली बसली. रागवावं की हसावं हे ठरवायलाही थोडी ताकद लागते, आणि ती या वर्षात कुठेतरी खर्ची पडली होती. वर्षभर ती ज्या माणसासाठी रडली, तो खुर्चीला नमस्कार करणारा होता. हा दुसरा कोण, ते तिला कळेना.

"तुला माहीत होतं?" तिने आईला विचारलं.

"दर सोमवारी केळी जायची, एवढं माहीत होतं."

"विचारलं नाहीस?"

"एरवी बडबड करत जेवणारा माणूस," साळूबाई म्हणाल्या, "सोमवारी तेवढा गप्प जेवायचा. काय विचारायचं?"

तनुजाने पुंजारामकाकांना बोलावलं. "काका, ही अक्षरं काढता येतील का? मी बाबांचं हसं केलं."

"कोरल्यात, ताई," काका कष्टी होऊन म्हणाले आणि सामना सुरू करायला निघून गेले.

शिट्टी झाली तसे म्हातारे मैदानाकडे वळले. भारतराव मात्र आपली खुर्ची उचलून तनुजासमोर घेऊन आले. बसले. वाकून बुटाची नाडी सोडली, मोजा काढला आणि इस्त्रीची पँट घडी घालत घालत गुडघ्यापर्यंत वर नेली.

"काका, तुम्हालाही?" तनुजा थकून म्हणाली.

"बघ."

तिने पाहिलं. मग वाकून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. जन्मभर टेबलाखाली पाय ठेवून बसलेल्या कारकुनाची असावी, तशी गुळगुळीत नडगी होती.

"सोळा वर्षं फॉरवर्ड खेळलो," भारतराव म्हणाले. "ह्या बसलेल्या एकेकाचा डोळा माझ्या पायावर होता. एक टाका नाय. हा पाय आप्पानं ठिवलाय." त्यांनी नडगीवर तळवा फिरवला. "मी म्हणायचो, आप्पा, लोक तुला दांडगट म्हणत्यात. तर म्हणायचा, म्हणू दे. तू गोल कर, केळ्यांचं मी बघतो."

तनुजा त्या पायाकडे बघत राहिली. वर्षभरात वडिलांच्या पुष्कळ वस्तू तिने आवरल्या होत्या. चष्मा, घड्याळ, पानं दुमडलेली पुस्तकं. ही वस्तू तिच्या यादीत नव्हती.

साळूबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच खाली घेतला. "झाका आता, भाऊजी. गार वारं सुटलंय."

तेवढ्यात मैदानावरून 'आई गं' ऐकू आलं. संस्कृती घोटा धरून खाली बसली होती. पाच नंबरची पोरगी आभाळाकडे बघत होती, आणि पंच बॉल कुठे गेला ते शोधत होता. संस्कृती उठली, लंगडत दोन पावलं चालली आणि पुन्हा जागेवर उभी राहिली. गोलाजवळ सुकेशनी स्टिकवर दोन्ही हात ठेवून देवळातल्या मूर्तीसारखी उभी होती. तिने मांडवातल्या टेबलावरच्या चषकाकडे पाहिलं. मग तनुजाकडे पाहिलं.

तनुजा उठली. टेबलाजवळ गेली आणि चषक हळूच फिरवला. अक्षरं मांडवाच्या कापडाकडे गेली.

सुकेशनी स्टिक उचलून सावकाश पुढे सरकली.

"काका," तनुजाने मांडवात परतलेल्या पुंजारामकाकांना विचारलं, "ती पाच नंबरची मुलगी राहते कुठे?"

"उस्मानपुऱ्यात. का वो, ताई?"

"उद्या सोमवार आहे," तनुजा म्हणाली.