काकडेसाहेबांची बैठक

मिनलचं लग्न ठरलं होतं. ते लावायचं कुठे, यावर घोडं अडलं होतं. रुपराव आता राहायला प्रताप नगरात असले तरी जन्म नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतला, नाग नदीच्या काठचा. एकुलत्या एका मुलीचं लग्न त्याच महालात व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती. होणारे व्याही काकडेसाहेब पुण्याचे, रस्त्यांचे ठेकेदार. "पुण्यात सगळं सोयीचं पडेल," असं म्हणतच ते नागपूर बघायला आले आणि स्टेशनवरून घरी येताना पुलावरून खाली बघून म्हणाले, "हा नाला कुठला हो?"

ज्या नदीनं शहराला नाव दिलं तिला नाला म्हटल्यावर रुपरावांना जेवण गेलं नाही. सकाळी ते कडक इस्त्रीचा सदरा घालून तयार झाले. "साहेबायले महाल दाखवून आणतो."

"आज मारबत आहे जी," त्यांची बायको प्रेमिला म्हणाली. "आज काहून नेता त्यायले? चेंगरून जातीन."

"आजच नेतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ज्यानं महाल नाही पाह्यला, त्यानं नागपूर काय पाह्यलं?"

खरं होतं ते. त्या दिवशी मारबतीची अवाढव्य बाहुली वाजतगाजत निघते, आणि तिच्यासोबत निघतात बडगे, म्हणजे वर्षभर ज्यांनी ज्यांनी लोकांना छळलं त्यांचे पुतळे. सगळी पीडा त्यांच्या माथी मारायची, पोटभर शिव्या द्यायच्या आणि शेवटी जाळून मोकळं व्हायचं. एवढ्या उघडपणे राग काढणारं दुसरं शहर रुपरावांना माहीत नव्हतं.

नदीकाठून ते जुन्या वस्तीत शिरले. रुपराव दरवाजा दाखवत, देऊळ दाखवत, भोसल्यांचा काळ सांगत. काकडेसाहेब दरवेळी "आमच्याकडे शनिवारवाडा आहे" एवढंच बोलत. सफारी, काळा चष्मा आणि नवे बूट अशा थाटात निघालेले साहेब बूट चावायला लागल्यावर मात्र थांबले. समोर धोंडबाची रिकामी हातगाडी उभी होती. धोंडबा रुपरावांचा शाळासोबती.

"बसा साहेब," धोंडबा म्हणाला. "वरून सगळं बरोबर दिसते."

साहेब चढून बसले आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एका मंडळाच्या गाडीचं चाक निखळलं. तिच्यावरचा बडग्या रस्त्यात आडवा झाला, मागचे ढोल खोळंबले. गल्लीत दुसरी गाडी एकच होती. मंडळाच्या पोरांनी बडग्या उचलला आणि साहेबांच्या शेजारी आणून बसवला.

"साहेब, थोडं सरकून घ्या गा," असं म्हणत त्यांनी गाडी ढकललीसुद्धा.

बडग्या ठेकेदाराचा होता. त्यालाही सफारी, त्यालाही काळा चष्मा. गळ्यात पाटी: 'रस्ते मी खाल्ले, खड्डे तुमचे'.

"उतरा साहेब, उतरा," रुपराव गाडीबरोबर धावत म्हणाले.

"कुठे उतरू? पाय ठेवायला जागा दाखवा," साहेब वरून म्हणाले.

"पाह्य गा, यंदा दोन दोन बसवले," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "हा डावा तर जित्ताच वाटून राहिला." मग काय, खड्ड्यांत आपटलेल्या सगळ्या कमरा एकदम बोलू लागल्या. गच्च्यांवरून बायका ओरडत होत्या, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत." मोबाइल वर झाले. साहेबांनी घाम पुसायला हात वर केला, तर नमस्कार केला असं समजून लोकांनी जल्लोष केला. पुढे गर्दीत रुपरावांना गाडी दिसेना. डोळ्यांपुढे एकच होतं: शेवटी बडगे जाळतात.

चौकात साहेब सापडले. धोंडबानं त्यांना कसंबसं उतरवलं होतं. घरी आल्यावर साहेबांनी आधी बूट काढले. प्रेमिलानं चहा ठेवला. रुपरावांनी मन घट्ट केलं.

"साहेब, लगन पुण्यातच करू."

"का म्हणून?" काकडेसाहेबांनी बशी खाली ठेवली. "जन्मभर रस्ते केले मी. उद्घाटनाला फीत कापतात दुसरेच, माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आज अख्खं शहर माझ्याकडे बघत होतं."

"ते शिव्या देऊन राहिले होते, साहेब."

"कळत होतं मला. पण किती मनापासून देत होते." साहेबांनी बशी पुन्हा उचलली. "लग्न महालातच होईल. आणि वरातीला घोडी नको, त्या धोंडबाची गाडी सांगून ठेवा."

तेवढ्यात मोबाइलवर फिरणारा व्हिडिओ बघून पुण्याहून त्यांच्या बायकोचा फोन आला. "हो हो, तो डावा मीच, उजवा पुतळा आहे," साहेब म्हणाले. "कुठे म्हणजे? नदीकाठी. नाला नाही गं, नदी. शहराला नाव तिचं आहे, एवढंही माहीत नाही तुला?"

रुपरावांनी प्रेमिलाकडे बघितलं आणि जेवायचं ताट मागितलं.