क्रेब्सच्या घरातला धूर

डेल्मर स्ट्रूबच्या मते गावात टाचणी पडली तरी पहिली खबर त्यालाच लागे. पोलिसांचं आणि बंबवाल्यांचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणारा स्कॅनर नेब्रास्काच्या त्या भागात घरोघरी फ्रिजवर असायचाच. डेल्मरचा खिशात असे. "बंबाच्या आधी मी हजर असतो," असं तो सांगे. हजर राहून काय करतो, ते कोणी विचारत नसे.

दुसरा अभिमान घराचा. एकतीस वर्षांपूर्वी त्याने ते क्रेब्स मंडळींकडून विकत घेतलं. लोक 'क्रेब्सचं घर' म्हणत आणि तो दर वेळी त्यांना थांबवून "स्ट्रूबचं" असं सुधारून देई. टपालपेटीवर त्याने वीतभर अक्षरांत नाव रंगवलं होतं. हल्ली त्याच्यासमोर कोणी क्रेब्सचं नाव काढत नसे, त्यावरून गाव सुधारलं असा त्याचा समज झाला होता.

त्या शनिवारी त्याची बायको लोइस चर्चमध्ये गोधड्या शिवायला निघाली. शेगडीवर हॅम घातलेला घेवडा शिजत होता.

"साडेदहाला शेगडी बंद कर," ती म्हणाली. "आणि पुन्हा त्या डबड्यामागे धावलास, तर ते उद्या चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत जाईल. हसू नकोस, खरंच नेईन."

लोइस बोलते ते करते, हे डेल्मरला ठाऊक होतं. म्हणून तो स्कॅनरमागे धावला नाही. फक्त केस कापायला गेला. दहा मिनिटांचं तर काम.

पण न्हावी रस्टी हा गावचा बिनपगारी बंबप्रमुखही होता, आणि त्याच्याशी आगींविषयी बोलायला लागलं की दहा मिनिटांत काय होतंय? अकरा वाजले तेव्हा डेल्मरची उजवी बाजू झाली होती. तेवढ्यात स्कॅनर खरखरला. कंट्रोलवरची जोलीन सांगत होती, "क्रेब्सच्या घरातून धूर येतोय."

रस्टीने कात्री टाकली. "डेल्मर, चल, बंबात बस."

"माझी डावी बाजू?"

"मरू दे डावी बाजू, बस आधी."

डेल्मरला आजवर कोणी बंबात बसवलं नव्हतं. पण बंबात बसून बंबाच्या आधी पोहोचणार कसं? "तू ये मागून," म्हणत तो गळ्यातल्या फडक्यासकट आपल्या गाडीकडे पळाला.

गावात आता एकच क्रेब्स उरली होती. वर्नाबाई, ऐंशीच्या पुढची, गुडघे गेलेली, चार मैलांवर एकटी राहणारी. वाटेत डेल्मरची फुशारकी गळून पडली. घर विकताना या बाईने पडदेसुद्धा लोइससाठी तसेच ठेवले होते. त्याने गाडीचा वेग आणखी वाढवला.

वर्नाबाई ओट्याशी बसून मटार सोलत होत्या.

"बाहेर चला, वर्नाबाई. धूर."

"कुठे आहे?"

"भिंतीत असेल. सुरुवातीला भिंतीतच असतो."

त्याने त्यांना खुर्चीसकट हिरवळीवर नेऊन ठेवलं. मागोमाग टीव्ही, घड्याळ, त्यांच्या नवऱ्याचा फोटो आणि पीचच्या मुरंब्याच्या अकरा बरण्या. बंब काही येईना.

"रस्टी रस्ता चुकला," डेल्मर म्हणाला आणि त्याने स्कॅनरचा आवाज वाढवला.

"क्रेब्सच्या घरी पोहोचलो," रस्टी सांगत होता. "आत कोणी नाही. आग नाही. शेगडीवर घेवड्याचा कोळसा झालाय. लोइसला चर्चमध्ये कोणी तरी सांगा."

वर्नाबाईंनी एक मटार तोंडात टाकला. "अरे, क्रेब्सचं घर म्हणजे तुझं घर. हे शुल्ट्झचं."

"तुम्ही इथे राहता ना?"

"एकतीस वर्षं. अजून शुल्ट्झचंच आहे."

चर्चमध्ये सांगायची गरज पडली नाही. गोधड्यांच्या टेबलावरही एक स्कॅनर होता.

रविवारी डेल्मरचा स्कॅनर विक्रीत गेला आणि वर्नाबाईंनी तो घेतला. सोमवारी डेल्मर त्यांच्या मुरंब्याच्या बरण्या फळीवर परत लावायला गेला, आणि ते काम त्याने मुद्दाम सावकाश चालवलं. फ्रिजवरून जोलीनचा आवाज आला.

"रस्त्यात गाय आलीय. डेल्मरने घेवडा जाळला त्या घरापासून पुढे दुसरं वळण."

"कळलं," रस्टी म्हणाला. कुठलं घर, ते त्याने विचारलं नाही.

"घे," वर्नाबाई म्हणाल्या, "लागलं एकदाचं तुझं नाव."

डेल्मरने हातातली बरणी खाली ठेवली आणि आवाज जरा वाढवला.