अकरा ट्रक, एक खोली

डिचोलीत गोकुळदास शेटचे अकरा ट्रक खनिज वाहतात. ते या क्षणी कुठे आहेत, हे देवानंतर फक्त मला ठाऊक असतं! देवालाही कदाचित जरा उशीर होत असेल. प्रत्येक ट्रकमध्ये साबणाच्या वडीएवढी एक डबी आहे. दर तीस सेकंदांनी ती उपग्रहांकडून आपली जागा ताडून घेते आणि मोबाईलच्या जाळ्यातून माझ्या कॉम्प्युटरला कळवते. धावता ट्रक म्हणजे हिरवा ठिपका, थांबलेला म्हणजे लाल.

मी निवृत्त हेडक्लार्क. समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पस्तीस वर्षं हयातीचा दाखला मागितलेला! त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. पाठीमागची खिडकी तर मी पहिल्याच दिवशी बंद करून टाकली. पडद्यावर उजेड यायचा.

त्या दिवशी खंडेनवमी. गाड्यांना सुट्टी, सगळ्या यार्डात. नेमके त्याच दिवशी पणजीहून खाण कंपनीचे शांताराम साहेब आले. ही डब्यांची व्यवस्था त्यांना पटली तरच हंगामाचं कंत्राट. नाहीतर अकरा ट्रक बसून, आणि सगळ्यांत आधी घरी जाणार मी!

"दाखवा बघू गाड्या," साहेब खुर्ची ओढत म्हणाले.

मी ऐटीत माऊस हलवला. यार्ड रिकामं! अकराच्या अकरा लाल ठिपके शेजारच्या मये गावात, गुळाच्या ढेपेवर मुंगळे बसावेत तसे एकाच जागी! नकाशा मोठा केला. एक घर. आणखी मोठा केला. घरातली एकच खोली!

"भाऊ, पण सकाळी मी त्यांना..." शेट काहीतरी बोलू लागले.

"शेट, पडदा खोटं बोलत नाही! चोरी झालीय!" मी त्यांना गप्प केलं आणि पोलीस चौकीला फोन लावला.

"किती ट्रक?" हवालदारानं विचारलं.

"अकरा!"

"आता खंय आसात?"

"मयेत. एका खोलीत."

"दारांतल्यान भितर सरले कशे?"

"तो तपासाचा भाग आहे!"

हवालदारानं फोन ठेवला. मग साहेबांच्याच गाडीतून आम्ही मयेला निघालो. ठिपक्यांचा माग काढत पोचलो, ते आमचा ड्रायव्हर सगुण याच्या दारात! आतल्या खोलीत पाटावर जॅक, पाने, चाकं खोलायची टॉमी मांडलेले. आणि पुढे ओळीनं अकरा डब्या! प्रत्येकीला कुंकू, प्रत्येकीवर झेंडू. पोटातल्या बॅटरीवर बिचाऱ्या अजून इमानेइतबारे लुकलुकत होत्या.

"सगुण! या डब्या काढायला कुणी सांगितलं?"

"तुमीच, भाऊ! मीटिंगीत बोललात ना, आजपासून ह्याच तुमचा खरा हत्यार म्हणान? मगे खंडेनवमीक हत्याराची पूजा नको?"

मी डबीकडे हात नेला मात्र, त्याची आई देवकी पळी उगारून पुढे आली.

"हात लावून बघा! पुजेक मांडलेलां उद्याच्या दसऱ्याशिवाय हलवूचां नाय!"

साहेब मूळचे पेडण्याचे, पूजाअर्चा मानणारे. त्यांनी बूट काढले, डब्यांना नमस्कार केला, प्रसादाचं खोबरं तोंडात टाकलं आणि शांतपणे विचारलं, "आणि ट्रक?"

"ते खंय जातले?" सगुण म्हणाला. "भाऊंच्या पाठीमागे, खिडकेच्या भायर. सकाळधरना धुवन, हार घालून उभे आसत."

"हार मीच घातले," शेट म्हणाले. "मघाशी तेच सांगत होतो."

ऑफिसात येऊन साहेबांनी स्वतः खिडकी उघडली, अकरा ट्रक बोटानं मोजले आणि शेरा लिहिला: "डब्या जिथे होत्या तिथेच दिसल्या. व्यवस्था अचूक. कंत्राट मंजूर." खाली दोन रेघा मारून: "कार्यालयाची खिडकी उघडी ठेवावी."

माझी नोकरी टिकली. फक्त शेटनी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून ठेवलीय.

परवा पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला आमच्याच जुन्या कचेरीत गेलो. तरुण क्लार्क कॉम्प्युटरमधून मान वर न करता म्हणाला, "भाऊ, हांगा पडद्यावर तुम्ही हयात दिसत नाही."

त्याला काय सांगणार? पडदा खोटं बोलत नाही!