राण्यांची व्हायकिंग तलवार

नवरात्रातली अष्टमी, १९८४. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणून मी विळी, सुऱ्या, अडकित्ता घासायला काढले होते. तेवढ्यात तळमजल्यावरचे राणे तलवार घेऊन आले.

"वहिनी, हिच्या मुठीला जरा चिंच लावाल?"

बोरिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ही तलवार सगळ्यांच्या ओळखीची. गणपतीनंतर राण्यांना ती दहिसर नदीच्या गाळात सापडली आणि ती व्हायकिंगांची आहे, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. वाचनालयातल्या मासिकात त्यांनी तशी तलवार पाहिली होती. तीही परदेशातल्या कुठल्याशा नदीतच सापडलेली. ते उत्तरेकडचे दर्यावर्दी बोरिवलीला कशाला येतील, असं विचारलं की राणे म्हणत, "पाण्याक पाणी लागान आसता." तलवार बघायला येणाऱ्याला चहा मिळे. पूर्वी पेपरवाल्याखेरीज त्यांचं दार कोणी वाजवत नसे, आता दारात चपला मावत नव्हत्या.

वरच्या मजल्यावरच्या परबांनी मात्र ही दशावतारातली म्हणून चिडवलं. राणे पेटले आणि त्यांनी थेट संग्रहालयाला पत्र लिहिलं. तिथला माणूस आता उद्या सकाळी येणार होता आणि पटलं तर तलवार घेऊन जाणार होता.

मी मूठ घासली. गाळ गेला, पितळ उघडं पडलं आणि भांड्यांवर घालतात तशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली. सौ. सुमती स. राणे.

"भाऊ, व्हायकिंगांत राणे होते काय?"

ते पाटावर बसले. तलवार त्यांच्या गावच्या घरची. भांड्यांवर नावं घालणारा दारात आला, तेव्हा बायकोने कळशीबरोबर तीही पुढे केली होती, शेजाऱ्यांच्या वस्तूंत मिसळायला नको म्हणून. मग बायको वारली. मुलगा मस्कतला. पुढे पूजा कोण करणार, म्हणून गणपतीबरोबर राण्यांनी तलवार नदीत सोडली आणि तिसऱ्या दिवशी गुडघाभर गाळात उतरून परत आणली. विसर्जन केलेलं घरी आणलं, हे सांगणार कोणाला? म्हणून व्हायकिंग.

"माझ्या तोंडून निघेना," ते म्हणाले. "तुम्हीच वाचावं म्हणून आणली. उद्या नेतील हो ते."

मी त्यांना चहा दिला आणि उद्या घराबाहेर पडू नका म्हणून बजावलं.

सकाळी त्या माणसाला मी फाटकाशीच गाठलं. तलवारीची मालकीण सापडली, म्हटलं. आमच्याच बिल्डिंगमधल्या बाई. भेटता येईल का, त्याने विचारलं. मी नाही म्हटलं, आणि त्यांचं नाव 'सौ.'सकट त्याला वहीत लिहून घ्यायला लावलं.