दोन पायांचा जबाबदार इसम

कृतज्ञता ही कोणत्याही देशाची मोलाची ठेव असते, आणि ठेव कोणी ऊठसूट मोडत नाही. म्हणूनच जायबंदी सैनिकांच्या मोटारींत सोयीचे बदल करून देणारा कक्ष सरकारने चौथ्या मजल्यावर जपून ठेवला होता (लिफ्ट तिसऱ्यापर्यंत, पुढे इच्छाशक्ती).

दाजी सैन्यात ट्रक चालवत. मेहुणा 'दाजी' म्हणे, म्हणून सगळी गल्ली म्हणे. सुरुंगात दोन्ही पाय गेल्यापासून त्यांची मोटार मेहुण्याच्या हाती होती. मेहुणा तसा देवमाणूस. पण रिकाम्या रस्त्यावरही हॉर्न वाजवी आणि उतार दिसला की डोळे मिटी. ज्याने कड्यावरून ट्रक रिव्हर्समध्ये आणला, त्याने शेजारी बसून हे बघायचं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यात मुलगी पहिल्या नोकरीसाठी परगावी निघालेली. दाजींनी तिला शब्द दिला होता, "स्टेशनवर मीच सोडणार. पार डब्यापर्यंत."

कक्षाने काम चोख केलं. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरसाठी हाताशी दांडा बसवला, खालची पेडलं काढून टाकली. मग चाचणी. चाचणी अधिकारी काटेकोरपणे निवडलेले होते: नजर उत्तम, दोन्ही पाय शाबूत (अपंगाला असं जोखमीचं काम सांगणं सरकारच्या संवेदनशीलतेत बसत नाही). साहेबांनी सवयीने पाय दाबला, तिथे काही नव्हतं, आणि मोटार कार्यालयाच्या कुंड्यांत शिरली.

"मी चालवून दाखवू का?" दाजींनी विचारलं.

"तुम्हाला कशी देणार? अजून सुरक्षित ठरलेली नाही," साहेब गुडघा चोळत म्हणाले.

अहवाल निःपक्षपाती होता. कुंड्यांची हानी: संपूर्ण. लाभार्थींचे समाधान: शंभर टक्के (लाभार्थी एकच होते, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं). निष्कर्ष: सदर वाहन दोन पायांच्या इसमाच्या हाती धोकादायक आहे, सबब चालकाशेजारी दोन पायांचा एक जबाबदार इसम कायम बसलेला असावा.

इसम म्हणून मेहुण्याची नेमणूक झाली.

निघायच्या दिवशी दाजींनी पोटातलं पाणीही हलू न देता मोटार चालवली. मेहुणा हॉर्नकडे आशाळभूतपणे बघत बसला होता.

"बाबा, मामापेक्षा बरी चालवता हं," मागून मुलगी म्हणाली.

"बरी? अगं, या गाडीत मला पहिल्यांदाच झोप येतेय!" मेहुणा म्हणाला.

स्टेशनबाहेर व्हीलचेअरचं चित्र रंगवलेली एकच रुंद जागा होती. रुंद अशासाठी, की दार सताड उघडून खुर्ची उतरवता यावी. तिथे एक मोटार उभी होती. दिवे लुकलुकत होते, आत कोणी नव्हतं. मेहुण्याने हात लांबवून हॉर्न दाबला; दाजींनी त्याला या वेळी अडवलं नाही. मागच्या गाड्या ओरडू लागल्या, आणि आगगाडीची वेळ झाली.

मुलीने उतरून खिडकीतून दाजींच्या गळ्यात हात टाकले. "राहू दे बाबा, इथवर तर आणलंत ना!" नियम धाब्यावर बसवून मेहुणा बॅग घेऊन तिच्यामागे पळाला. दाजी स्टिअरिंग धरून बसून राहिले. त्यांना रडू आलं. अहवालात याचा रकाना नाही.

थोड्या वेळाने त्या मोटारीचा मालक आला. सज्जन माणूस, सैनिकांना सलाम करणारं स्टिकर काचेवर होतं. "दोनच मिनिटं लागली हो," हसून म्हणाला आणि गेला.

दाजींनी चेहरा ओळखला नाही. मी ओळखला होता. पण तुम्ही इतका वेळ त्या कक्षाला मनापासून हसत होता, म्हणून मध्येच तुम्हाला हाक मारली नाही.