ग्रेडरचा दात

शनिवारी सकाळी जवळा बाजार गावच्या धान्याच्या गोदामाचे शटर वर गेले, तेव्हा वजनकाट्यासमोर सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला एकच टेम्पो उभा होता. अय्याजने काट्याच्या पडद्यावरची धूळ पुसली. अंजुमने कार्यालयातला पंखा लावला, खुर्चीवरचा धान्याचा कोंडा झटकला आणि हिशेबाचा संगणक सुरू केला. गोदामपाल भावसिंगने हमालांना नावानिशी हाका मारल्या. मालाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडर रविंद्रने पोत्यात नमुना काढायची परखी खुपसली, तिच्या पन्हळीतून घरंगळलेले दाणे ओंजळीत घेतले आणि नियमाप्रमाणे ओलावा मोजण्याच्या यंत्रात टाकले. यंत्राने आकडा दाखवला. माल घेऊन साखऱ्याहून आलेल्या रामजींनी त्या आकड्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"ते मशीन र्‍हाऊ द्या, सायेब. तुमी चावा."

"अहो काका, आकडा समोर दिसून राहिला ना."

"मशीनला दात हायेत का? तुमी चावा, मंग मी मानतो."

रविंद्रने एक दाणा पुढच्या दातांत धरला. दाणा 'कट्' न वाजता नुसताच दबला. तो थुंकून रविंद्र म्हणाला, "ओला हाय, काका. अजून ऊन दाखवा लागंल."

यंत्रानेही नेमके हेच सांगितले होते. परंतु रामजींनी मान डोलावली ती आता. एक फेरी वाया गेल्याची कुरकुर न करता त्यांनी टेम्पो वळवायला लावला आणि जाताजाता चालकाला बजावले, "त्यो दात हाय बाबा. त्याच्याम्होरं बोलायचं न्हाई."

रविंद्रने हे ऐकले आणि ऐकले नसल्यासारखे केले. त्याची कृषी पदवी घरी भिंतीवर काचेच्या चौकटीत होती, पण त्याचा खरा अभिमान ओठांआड होता. त्या दाताने आजवर ना शेतकऱ्याच्या बाजूने खोटे सांगितले होते, ना मालकाच्या.

त्या दिवशी त्याला आणखी एका गोष्टीचा अभिमान वाटत होता. संध्याकाळी त्याच्या घरी गोदामाच्या पोकर लीगचा अंतिम सामना होता.

परभणीला शिकत असताना वसतिगृहात तो हा खेळ शिकला आणि नोकरी लागल्यावर त्याने तो सहकाऱ्यांना शिकवला. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पाने, मध्ये सर्वांसाठी पाच उघडी; त्यांतून ज्याची जुळणी मोठी, तो डाव जिंकला. मात्र हातात काहीही नसताना भरपूर असल्याचा आव आणून समोरच्यांना पाने टाकायला लावता आले, तर तोही विजयच. पैसे लावायचे नाहीत, हा पहिला नियम रविंद्रच्या आईने, कमलबाईंनी घातला होता. "पैशानं पत्ते खेळायचे असंल तर घराबाहेर झोपायचं," एवढ्या वाक्यात तो संमत झाला. तेव्हापासून महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी डाव पडे आणि वर्षाअखेरीस अंतिम सामना होई. विजेत्याला वर्षभरासाठी पितळी पायली मिळे. धान्य मोजायचे ते जुने माप भावसिंगने गोदामाच्या अडगळीतून शोधून काढले होते. सलग तीनदा जो जिंकेल, पायली त्याच्याकडे कायमची. रविंद्र सलग दोनदा जिंकला होता.

कमलबाईंनी चिंच लावून पायली घासली होती आणि काचेच्या कपाटात बुद्धमूर्तीच्या खालचा कप्पा तिच्यासाठी कायमचा रिकामा केला होता. शेजारच्या शालूबाईंना त्यांनी मुद्दाम बोलावून घेतले होते.

"तिसऱ्यांदा जिंकून राहिला माजा रवी," त्या म्हणाल्या.

"जिंकला का?"

"संध्याकाळी जिंकंल ना. तुमी या तर खरं."

अडचण उभी राहिली ती दुपारी. डावात पैशांच्या जागी आजवर शर्टाची बटणे वापरली जात. ती अय्याजचे वडील खाजा मिया यांच्या शिवणाच्या दुकानातून येत. या वेळी खाजा मियांनी साफ नकार दिला.

"अब्बा म्हणतेत, बटणं वापस येतेत तवा कुरतडलेली असतेत," अय्याज ओशाळून म्हणाला. "एका नवरदेवाच्या शेरवानीला तसलंच बटण लागलं. लई बोलणी खाल्ली त्यांनी. कोणाच्या तरी घरात उंदीर हाय म्हणून राहिलेत."

"आमच्या घरात उंदीर न्हाई," भावसिंग म्हणाला.

"आमच्याकडं मांजर आहे," अंजुम म्हणाली.

रविंद्रने उंदराचा विषय मिटवला. "बटणं कशाला पाहिजेत? आपण धान्याची माणसं. दाण्यावर खेळू."

कल्पना सर्वांनाच आवडली. कमलबाईंनी दोन दिवस उन्हात वाळवलेले सोयाबीन काढून दिले. तो साधा दाणा. मोठ्या बोलीसाठी डॉलर हरभरा ठरला. अंजुमने चौघांना सारखे वाटे मोजून दिले. अंजुम जे मोजते ते पुन्हा मोजायचे नसते, हे गोदामात सर्वांना ठाऊक होते.

सतरंजीवर डाव सुरू झाला. पलीकडे कमलबाई आणि शालूबाई पाट मांडून बसल्या. रविंद्रला पहिल्यापासून पाने चांगली येत होती. राजाची जोडी आली, मग एक्क्यांची आली. त्याने डावामागून डाव जिंकले. प्रत्येक वेळी कमलबाई शालूबाईंकडे पाहत आणि शालूबाई, काही न कळूनही, वाहवा करत.

थोड्या वेळाने मात्र रविंद्रच्या कपाळाला आठी पडली. तो जिंकत होता, पण त्याचा ढीग वाढत नव्हता. त्याने एकदा डावीकडे पाहिले. डावीकडे भावसिंग होता. भावसिंगचा गुडघा त्याच्या ढिगाला जवळजवळ टेकला होता.

"भावसिंगकाका, जरा सरकून बसा."

"काहून?"

"उगंच. हवा लागू द्या."

तेवढ्यात अंजुमने हात वर केला. "थांबा. पटावर दाणे कमी आहेत."

"तुमचं मोजण्यात चुकलं असंल," अय्याज म्हणाला आणि लगेच स्वतःच जीभ चावली.

तिने चारही ढीग पुन्हा मोजले. दाणे खरोखरच कमी होते, आणि थोडेथोडके नव्हे. सतरंजी उचलून झटकली गेली. अय्याजने विजेरी घेऊन कपाटाखाली पाहिले. कमलबाईंनी झाडू फिरवला आणि त्यांचा आवाज चढला. "माज्या घरात चोरी? शालूबाईच्या डोळ्यादेखत?"

"मी तर हात बी लावला न्हाई, बाई," शालूबाई घाईने म्हणाल्या.

"रवी, तू मला सरकून बस म्हणला," भावसिंग सावकाश म्हणाला. "तवाच तुज्या मनात व्हतं व्हय? वीस वर्सं गोदामाच्या चाव्या संभाळून राहिलो मी. एक पोतं हललं न्हाई. अन् तुजे सोयाबीनचे दाणे चोरीन?"

"मी नाव घेतलं का तुमचं?"

"तुज्या डोळ्यांनी घेतलं! घे, पाहून घे." असे म्हणून भावसिंगने सदऱ्याचा खिसा सतरंजीवर उलटा केला.

खिशातून मूठभर सोयाबीन पडले.

भावसिंगचाच चेहरा सर्वांत चकित झाला होता. "हे… हे गोदामातलं हाय. पोत्याचा दाणा पाहतो अन् खिशात ठिवतो मी."

"सगळेच ठेवतात," अंजुम त्याच्या मदतीला धावली आणि सिद्ध करण्यासाठी तिने आपली पर्स झटकली. तिच्यातूनही सोयाबीन पडले, वर दोन हरभरे. अय्याजने पँटचे खिसे बाहेर ओढले. दाणे सतरंजीभर घरंगळले. रविंद्रचे तर चारही खिसे भरलेले निघाले. दिवसभर धान्यात वावरणाऱ्या त्या चौघांपैकी एकाचाही खिसा निर्दोष नव्हता.

"आता कसं ओळखायचं?" अय्याज हताशपणे म्हणाला. "दाण्यावर काय नाव लिव्हलंय?"

रविंद्र ताठ बसला. "मी सांगतो. पटावरचा दाणा आईनं वाळवलेला. गोदामातला पास झालेला असला तरी त्याला थोडी ओल राहतेच. चावलं की कळतंय."

भावसिंगने एक दीर्घ श्वास घेतला. ज्याने संशय घेतला, त्याच्याच तोंडी न्याय सोपवायचा होता. तरी तो म्हणाला, "चाव. तुज्या दातावर माजा भरवसा हाय. तुज्यावर नसंल आत्ता, पर दातावर हाय."

रविंद्रने भावसिंगच्या खिशातले दाणे एकेक चावले. "गोदामातला. हा बी गोदामातला. हा बी." मग अंजुमच्या पर्समधले, अय्याजच्या खिशांतले, स्वतःचे. सर्व दाणे गोदामातले. सर्वजण निर्दोष सुटले. भावसिंगने सदरा नीट केला, रविंद्रने त्याच्या पायाला हात लावून "चुकलं काका" म्हटले, आणि भावसिंगचा राग तिथल्या तिथे विरघळला.

"मंग दाणे गेले कुठं?" कमलबाईंनी विचारले.

रविंद्र विचार करू लागला. विचार करता करता त्याने आपल्या ढिगातला एक दाणा उचलला, दातांत धरला, 'कट्' वाजवला आणि गिळला.

अंजुम त्याच्याकडे टक लावून पाहत होती. "रवीभाऊ, आत्ता काय केलं तुमी?"

"काय केलं?"

"दाणा खाल्ला."

"कोणी? मी?"

"हा तर पैल्यापासून खाऊन राहिलाय," शालूबाई निरागसपणे म्हणाल्या. "मला वाटलं, खेळाचा नेम असंल."

दिवसभर ज्याला दाणे चावताना पाहायचे, तो संध्याकाळीही दाणे चावतो आहे, हे त्याच्या सहकाऱ्यांच्या नजरेला खुपलेच नव्हते. गोदामात तो दाणा थुंकत असे. आईच्या सतरंजीवर थुंकण्याची सोय नसल्याने पुरावाही उरला नव्हता. अय्याज अचानक ओरडला, "म्हंजे अब्बाच्या बटणाचा उंदीर बी ह्योच!" आणि पोट धरून आडवा झाला. भावसिंग इतका हसला की त्याला पाणी द्यावे लागले. रविंद्रलाही शेवटी हसू आले, पण त्याचे कान लाल झाले होते.

अंजुम मात्र अजून मनात काहीतरी जुळवत होती. हिशेब लागला की तो मोठ्याने सांगायचा, ही तिची सवय होती, आणि ती तिला त्या घडीला आवरली नाही. "राजाची जोडी आली तेव्हा चावलं. एक्के आले तेव्हा चावलं. पानं खराब असली की तुमी शांत बसता. चांगली पानं आली की दाणा चावता, रवीभाऊ."

हसणे थांबले. खेळणाऱ्यांच्या दृष्टीने ही बातमी चोरीपेक्षा मोठी होती.

खाल्लेला दाणा गेला तो गेला, असे ठरले आणि डाव पुन्हा मांडला. आता कोणी पानांकडे पाहीना. सर्वांचे डोळे रविंद्रच्या तोंडाकडे. त्याने उजवा हात मांडीखाली दाबून धरला. पण चांगली पाने आली की तो हात चुळबुळे; तो चुळबुळला की इतर पाने टाकत, शांत राहिला की चढून खेळत. अय्याज तरीही बाद झाला, कारण तो कधीच कोणाचे पाहून खेळत नसे. मग भावसिंगही संपला. उरले रविंद्र आणि अंजुम. अंजुम आजवर एकदाही जिंकली नव्हती, आणि तिचा ढीग आता मोठा होता.

रात्र झाली होती; हा शेवटचा डाव जो जिंकेल त्याची पायली, असे ठरले. रविंद्रने हळूच पाने उचलून पाहिली. चौकटची सत्ती, किलवरची दुरी. मधल्या पाच पानांशी त्यांचे काही नाते नव्हते. अंजुमने बोली लावली, पण लावताना तिची बोटे क्षणभर अडखळली. तिच्याकडेही काही फार नसावे. जर रविंद्रने उरलेला सगळा ढीग पुढे सारला आणि सारताना एक दाणा चावला, तर ती पाने टाकणार, यात शंका नव्हती. पायली कायमची कपाटात राहणार होती.

त्याने मांडीखालून हात काढला. ढिगातला एक टपोरा हरभरा उचलला. अंजुमचा श्वास अडकलेला दिसला. कमलबाई पाटावर पुढे झुकल्या. त्यांना खेळ कळत नव्हता, पण मुलाचा चेहरा कळत होता.

या खेळात तोंडाने खोटे बोलणे हा गुन्हा नव्हता. गेली दोन वर्षे रविंद्रने भुवयांनी, जांभयांनी, खोकल्याने खोटे बोलून डाव मारले होते आणि त्याबद्दल त्याला कधी वाईट वाटले नव्हते. पण हरभरा ओठांपर्यंत आला तेव्हा त्याला समोर भावसिंग दिसला. घटकेपूर्वी याच दाताच्या शब्दावर त्या माणसाने आपली वीस वर्षांची अब्रू ठेवली होती. ओल्या मालाला कोरडा म्हणणे आणि सत्तीदुरीला राजा म्हणणे, यांत भुवईला फरक करता आला असता. दाताला करता येईना.

रविंद्रने हरभरा ढिगावर परत ठेवला. दोन्ही पाने पालथी टाकली आणि तो म्हणाला, "तुमचा डाव, अंजुमताई."

अंजुमने आपली पाने उलटली. एक तिरी, एक पंजा. जुळणारे काहीच नव्हते. "या अल्ला," ती पुटपुटली. "तुमी चावला असता, तर मी उठूनच जाणार होते! काहून न्हाई चावलं?"

रविंद्रने सतरंजीवरची पाने गोळा केली.

"हरला का गं?" शालूबाईंनी विचारले.

कमलबाईंनी मुलाकडे पाहिले. त्याची पाठ सकाळी वजनकाट्याजवळ असते तशीच ताठ होती. "न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमाला नेम ठाऊक न्हाई, शालूबाई."

रविंद्र उठला. त्याने कपाट उघडले, बुद्धमूर्तीच्या खालच्या कप्प्यातून पायली काढली, तिच्यावर उमटलेला आपल्या बोटांचा ठसा बाहीने पुसला आणि दोन्ही हातांनी ती अंजुमपुढे ठेवली.