हमीदभाई आणि दुसरे साहेब

हमीदभाई दगड चाटायचे.

मीरा, ओम, तुम्हाला वाटेल आजी तिखटमीठ लावून सांगते आहे. पण त्या वेळच्या महाडात कुणालाही विचारा. पांढरीशुभ्र दाढी, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर जाळीची टोपी असा एक सभ्य गृहस्थ रिक्षा थांबवतो, रस्त्याच्या कडेच्या खडीतला एक दगड उचलतो, रुमालाने पुसतो आणि जिभेला लावतो. नवखा माणूस घाबरायचा. जुने रिक्षावाले शांतपणे इंजिन बंद करून बिडी पेटवायचे.

"ओला केल्याशिवाय दगड बोलत नाही," हमीदभाई सांगायचे. "पाण्याची बाटली कोण वागवणार? जीभ सोबतच असते."

ते आमचे शेजारी. दोन घरांमध्ये कमरेएवढा गडगा, आणि त्या गडग्यातले दगडही त्यांनी तपासलेले. तरुणपणी मुंबईला भूविज्ञान शिकले आणि मग आखातातल्या एका खोदकाम कंपनीत गेले. जमिनीत खोल भोक पाडून वर काढलेले दगडाचे लांब दांडे तपासायचे आणि त्यावर अहवाल लिहायचे, हे काम त्यांनी केस पिकेपर्यंत केलं. मुलं तिकडेच राहिली. नवरा-बायको परत आले. मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते आणि इंग्रजीच्या वह्या तपासायला मिळत नाहीत म्हणून वर्तमानपत्रातल्या चुका काढत बसायचे.

हमीदभाईंचं एक पालुपद होतं. "निरीक्षण वेगळं, अनुमान वेगळं." आळीतली एक मुलगी कुणाच्या तरी स्कूटरवर दिसली, तेव्हा सगळी आळी रंगात आली होती. हमीदभाई गडग्याशी येऊन म्हणाले, "स्कूटरवर दोघं बसले होते, हे निरीक्षण. पुढचं सगळं तुमचं अनुमान. पुरावा आणा." विषयातला सगळा रसच गेला. दूधवाला तर त्यांना पाहिलं की दूध ओतून पळायचा.

त्यांच्या पत्नी रुकय्याभाभी यांना मात्र कशाचा धाक नव्हता. "जेवण झालं सांगितलं तरी विचारतील, पुरावा काय," त्या म्हणायच्या. "मी म्हणते, खाऊन बघा, नायतर ऱ्हावा उपाशी!"

हे असं सुखाने चाललं असतं. पण पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या घाटात रस्ता रुंद करायला डोंगर कापला आणि काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा एक पट्टा उघडा पडला. शेकडो लोक एसटीतून तो पट्टा बघत गेले असतील. हमीदभाईंना त्यात करड्या रंगाच्या बारीक, फाटे फुटलेल्या रेघा दिसल्या.

"बाई, ही मुळं आहेत," ते धापा टाकत सांगायला आले. "एक लाव्हा वाहून थंड झाला. त्याची माती झाली. मातीत झाडं उगवली. मग दुसरा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. आपल्या डोंगराच्या पोटात एक रान गाडलेलं आहे!"

हे त्यांना भूविज्ञानाच्या एका मोठ्या नियतकालिकात छापून आणायचं होतं, आणि तेही लवकर. दरड खाली येऊ नये म्हणून त्या कापलेल्या भागाला भिंत बांधायची होती. चुन्याची रेघ मारून झाली होती. "भिंत झाली की पुरावा गेला," ते म्हणाले. "मग मी सांगेन आणि लोक हसतील."

इंग्रजी सुधारायचं काम माझ्याकडे आलं. हमीदभाईंचं इंग्रजी आखातातल्या ऑफिसात घडलेलं. लेखाचं पहिलंच वाक्य होतं, 'डिअर सर, काइंडली नोट दॅट द रॉक इज ब्लॅक.' मी लाल पेन उघडलं.

"बाई, काइंडली राहू दे. उद्धट वाटेल."

"दगड काळा आहे हे सांगायला विनंती कशाला, हमीदभाई?"

"वाचणारा मोठा माणूस असणार ना!"

शेवटी सोबतच्या पत्रात एक 'काइंडली' ठेवायचा आणि लेखातले सगळे काढायचे, असा तह झाला. मग बाजारातल्या कॉम्प्युटर क्लासात लेख टाइप झाला. दोन ओळींमध्ये दुप्पट अंतर सोडायचा नियम ऐकून हमीदभाई हळहळले. "एवढी जागा रिकामी? यात आणखी एक लेख मावला असता." नकाशे त्यांनी स्वतः काढले आणि सपाट राहावेत म्हणून गादीखाली ठेवले. भाभी वैतागल्या. "कूस बदलू नको म्हणतात मला. नकाशा चुरगळंल!"

लेख रजिस्टर पोस्टाने गेला. अशा ठिकाणी लेख छापण्याआधी दोन जाणकारांना वाचायला देतात. ते कोण, हे लेखकाला कळू देत नाहीत. बऱ्याच महिन्यांनी दोघांचे अभिप्राय आले. पहिल्याने दोन ओळी लिहिल्या होत्या. लेख चांगला आहे, छापावा.

हमीदभाईंनी तो कागद बाजूला ठेवला. "याने वाचलेलंच नाही."

दुसऱ्याने मात्र पानंच्या पानं भरली होती. या रेघा मुळं नसून चिखलाने भरलेल्या भेगा असाव्यात. नकाशावर उत्तर दिशेचा बाण नाही. लेखकाकडे पुराव्यापेक्षा उत्साह जास्त दिसतो. वाचून माझंच डोकं तापलं. गडग्यापलीकडे पाहिलं, तर हमीदभाई अंगणात येरझाऱ्या घालत होते आणि चेहरा लग्नघरासारखा.

"बाई, यांनी वाचलं! पान अन् पान वाचलं!"

तेव्हापासून तो अनामिक माणूस 'दुसरे साहेब' झाला आणि त्यांच्या घरात राहायलाच आला म्हणा ना. "दुसऱ्या साहेबांना हे पटायचं नाही." "दुसरे साहेब इथे बरोबर पकडतील." ईदेला माझ्यापुढे शिरखुर्मा ठेवताना म्हणाले, "दुसऱ्या साहेबांना गोड चालत असेल का हो?"

"सवत आणली असती," आतून भाभी म्हणाल्या, "तर तिनं निदान भांडी तरी घासली असती."

साहेबांच्या शंका फेडायला पुन्हा घाट गाठायचा होता. तटस्थ साक्षीदार हवा म्हणून हमीदभाई मलाही घेऊन गेले. तांबड्या पट्ट्यापाशी उभं करून म्हणाले, "बाई, जीभ लावा. चिकणमाती असेल तर चिकटेल."

मी कडक इस्त्रीच्या साडीत होते. इकडेतिकडे पाहिलं आणि लावली. नेमकी त्याच वेळी एसटी आली, आणि खिडकीतून माझा कुठलासा विद्यार्थी ओरडला, "ओ बाई, डबा नाय आणलात काय?"

"चिकटली?" हमीदभाईंनी विचारलं. मी नुसती मान हलवली. बोलणं शक्य नव्हतं.

उत्तर गेलं. दुसऱ्या साहेबांच्या नव्या शंका आल्या. पुन्हा उत्तर गेलं, पुन्हा शंका आल्या, पण आता पानं कमी झाली होती. आणि मग एक दिवस संपादकांचं पत्र आलं. दुसऱ्या परीक्षकांचं समाधान झालं आहे, लेख स्वीकारला आहे, शेवटची स्वच्छ प्रत आणि सहीचा कागद लगेच पाठवा, म्हणजे येत्या अंकात घेऊ.

मी पेढे घेऊन धावले. हमीदभाई म्हणाले, "छान झालं," आणि पेढा हातातच धरून बसले.

त्यानंतर हमीदभाई त्या कागदांचं पाकीट काही पाठवेनात. एक दिवस गुडघा दुखत होता. एक दिवस पोस्टात गर्दी असेल असं वाटलं. मग उत्तरेचा बाण थोडा जाड करायचा होता. इकडे घाटात इतके दिवस रखडलेलं भिंतीचं काम सुरू झालं होतं. शेवटी माझा संयम संपला. "हमीदभाई, भिंत कमरेला आली! अहो, तुम्हीच घाई करत होता ना?" ते पाकीट मांडीवर घेऊन पडवीत बसून राहिले.

मी तरातरा मागच्या अंगणात गेले. भाभी सुकट वाळत घालत होत्या. "भाभी, तुम्ही तरी सांगा त्यांना."

"बाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या," भाभी खाली बघतच म्हणाल्या, "आणि तुम्हाला कळत नाय? पाकीट टाकलं की संपलं. मग तो साहेब कशाला लिवतोय ह्यांना?"

मी तिथेच पायरीवर टेकले.

"तिकडं एवढी वर्षं लिवलं ह्यांनी. वरचे साहेब सही करायचे नि फायलीत घालायचे. एकानं उलट विचारलं नाय, हमीद, हे असंच कशावरनं? पोरं फोन करतात, तब्येत विचारतात, ठेवतात. ह्या माणसानं विचारलं."

त्यांनी शेवटची मूठ पसरली, हात धुतले, पदराला पुसले आणि पडवीत गेल्या. मी मागोमाग.

"ओ, मी काय म्हणते," भाभी नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या. "ते मूळच हाय कशावरनं?"

हमीदभाईंनी वर पाहिलं. "रुकय्या, सगळं सिद्ध झालंय आता."

"गांडुळाचं बीळ नसंल कशावरनं? माझ्या वालाच्या वाफ्यात बघा, मातीत अशाच रेघा असतात."

"बीळ सगळीकडे सारखंच जाड असतं. मूळ खाली जाताना बारीक होत जातं."

"सगळ्या रेघा खालपर्यंत बघितल्या?"

हमीदभाई थांबले. "सगळ्या... नाही."

"मग?"

"दुसऱ्या साहेबांनी हे नव्हतं विचारलं."

"त्यांनी वाल कुठं लावलेत?"

हमीदभाई उठले. गुडघ्याचं नावही न काढता उठले. पाकीट माझ्या हातात दिलं. "बाई, एवढं आज पोस्टात टाका. आम्हाला घाटात जायला हवं. भिंत वर चढायच्या आत."

"आम्हाला म्हंजे कोणाला?" भाभी ओरडल्या. "माझी सुकट कावळे खातील!"

पण ओरडता ओरडताच त्या चपला शोधत होत्या. रिक्षात बसल्यावर त्यांनी मला हुकूम सोडला, "बाई, सुकटीवर लक्ष ठेवा गो!" जन्मात माशाला हात न लावलेली मी, एका हातात पाकीट आणि दुसऱ्या हातात कावळे हाकायची काठी घेऊन दारात उभी राहिले.

रिक्षा सुरू होत होती. हमीदभाई भाभींकडे पूर्ण वळून बसले होते.

"आणखी काय शंका आहे?"

"गप बसा. रस्ता खराब हाय."

"नाही, नाही. विचार ना."